मागचं डावं भोक

लिफ्ट थांबल्याचं आतल्या माणसाला जाणवलं, तर लिफ्टवाल्याला तो स्वतःचा अपमान वाटायचा. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्याची त्याची नोकरी. सुट्टीच्या दिवशी हाच हट्ट तो रिमोटवर पळणाऱ्या, हातभर लांबीच्या बग्गीपाशी धरायचा. मातीच्या ट्रॅकवर उंचवट्यावरून उडालेली बग्गी मांजरासारखी टेकली पाहिजे, आपटता कामा नये.

बग्गी तो सुटे भाग आणून स्वतः बांधायचा. गॅलरीतल्या टेबलावर गिअर बसवायचा, चाकांचे धक्के झेलणाऱ्या शॉकमध्ये तेल भरून बुडबुडे संपेपर्यंत दांडा हलक्या हाताने वरखाली करायचा. चालवणं मात्र त्याला जमलं नाही. गाडी पाठमोरी असेपर्यंत ठीक. ती वळून समोर येऊ लागली की डावं-उजवं उलटं होतं आणि त्याची बग्गी थेट कठड्यात. म्हणून रिमोट बायकोच्या धाकट्या भावाच्या हातात. त्याला सगळे भिंगरी म्हणत. कुठल्याच नोकरीत तो फार टिकला नव्हता, पण रिमोट हातात आला की दगडासारखा स्थिर व्हायचा.

"भाऊजी, बांधणारे तुम्ही, उधळणारा मी," भिंगरी म्हणायचा. लिफ्टवाला हसायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. या पोराला त्यानेच सायकल शिकवली होती.

त्या ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, आणि माती खडबडीत. बरेच प्रयोग करून लिफ्टवाल्याने मागच्या डाव्या शॉकचं खालचं टोक, ते अडकवायच्या भोकांच्या ओळीत, एक भोक आत घेतलं. उजवा शॉक होता तिथेच. वळताना सगळा भार डाव्या बाजूला यायचा. ती बाजू मऊ झाली आणि बग्गी खड्ड्यांतून उसळेनाशी झाली. दिसायला ती उघड चूक होती. मागची दोन्ही चाकं सारखी बांधायची, हे नवशिक्यालाही माहीत असतं.

"काका, चष्म्याचा नंबर वाढलाय," ट्रॅकवरचे लोक चिडवायचे.

"वाढलाय खरा," तो म्हणायचा. ती चूक नाही, हे भिंगरीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. मोसमाची अंतिम शर्यत जवळ आली होती आणि या खेपेला बग्गी जिंकेल असं त्याला प्रथमच वाटत होतं.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात तो चाकं आणायला खेळण्यांच्या दुकानात गेला. दुकानदाराचा स्वतःचा संघ होता. त्याची नवीकोरी बग्गी काउंटरवर पालथी पडली होती. मागचा उजवा शॉक बाहेरच्या भोकात. डावा एक भोक आत.

लिफ्टवाला पाहत राहिला. "हे असं का बसवलंय?"

"नव्या ड्रायव्हरनं बसवून घेतलं," दुकानदार मोकळेपणाने म्हणाला. "तुमचाच मेहुणा की! सांगितलं नाही त्यानं?"

चाकं न घेताच तो घरी आला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"भिंगरी दुकानाच्या संघात गेलाय."

तिने टॉवेलची घडी पूर्ण केली. "हो."

"तुला ठाऊक होतं?"

"मीच म्हटलं, जा. ते त्याला दुकानात कामाला ठेवतायत. तुमच्या गॅलरीत बसून त्याचं काय भलं होणार होतं?"

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं?" मग जरा नरमाईने, "अहो, आपलेच दात नि आपलेच ओठ. सोडून द्या."

 त्याने जाऊ दिलं असतं. एवढ्या वर्षांत हे तिला कळू नये, हेच त्याच्या मनाला जास्त लागलं.

शर्यतीच्या सकाळी तो एकटाच बग्गी घेऊन ट्रॅकवर गेला. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, "ड्रायव्हर?"

"नाही."

"मग वळणावर उभे राहा. माणसं कमी आहेत."

तिथला नियम असा होता, की ज्याची गाडी धावत नाही त्याने वळणावर उभं राहायचं आणि उलटलेली गाडी सरळ करून द्यायची. गाडी कुणाचीही असो. आपली बग्गी टेबलाखाली ठेवून लिफ्टवाला शेवटच्या उजव्या वळणावर जाऊन उभा राहिला.

दुकानाची बग्गी पुढे होती. खड्डे जणू नव्हतेच, अशी ती त्याच्यासमोरून जायची. शेवटच्या फेरीत मागच्या गाडीचा धक्का लागला आणि ती त्याच्या पायाशी उलटी पडली. चाकं हवेत भरभर फिरत होती.

"भाऊजी, उचला! लवकर!" ड्रायव्हर उभे राहायच्या वरच्या कठड्यावरून भिंगरी ओरडला, नेहमीच्याच हक्काने.

भिंगरीच्या शेजारी लिफ्टवाल्याला बायको दिसली. त्याच्या बग्गीसाठी ती इतक्या वर्षांत एकदाही ट्रॅकवर आली नव्हती.

त्याने गाडी उचलली, तोंड वळणाकडे करून अलगद खाली ठेवली आणि हात काढला. गाडी सुटली. जिंकली.

भिंगरी धावतच आला. "बघितलंत भाऊजी? कशी पळाली आपली गाडी! आता मालक म्हणतायत, पुढच्या मोसमात तुम्हीही आमच्याकडे या. बांधायचं काम तुमचं. ताई तर हो म्हणाली."

"ताईला विचारलंस?"

"हो, कालच."

"मग तिलाच बांधायला सांग," लिफ्टवाला म्हणाला आणि पुढच्या गटाच्या शर्यतीसाठी परत वळणावर जाऊन उभा राहिला.