क्रूझवर मला आराम मिळणार होता

दिवाळीची सुट्टी जवळ आली की शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही गेला होतात ना क्रूझला? कसं असतं? जावं का?" मी सांगते, जावं. समुद्र सुंदर दिसतो, जेवण गरम मिळतं, भांडी घासावी लागत नाहीत, अंथरूण कुणीतरी येऊन नीटनेटकं करून जातं. गर्दी मात्र फार. दिवसभर स्पीकरवरून आता कुठे जाऊन मजा करायची ते सांगत असतात, आणि किनाऱ्यावर उतरायला जेमतेम वेळ देतात. एवढं सांगून मी वह्या तपासायला घेते. पुढचं सांगायला लागले की माझा आवाज चढतो, आणि मधल्या सुट्टीत तो चढू द्यायची माझी तयारी नसते. इथे सांगायला हरकत नाही.

आमचं घर रेवदंड्याला, किल्ल्याच्या तटाच्या आतल्या वाडीत. नारळ, पोफळी, थोडी केळी. नवरा अलिबागला बँकेत, मी इथल्याच शाळेत इतिहास शिकवते. सासूबाई आमच्याकडेच असतात. डोकं एकदम तल्लख, पण गुडघे पार गेलेले. खुर्चीतून उठवायला, न्हाणीपर्यंत न्यायला, रात्री कूस बदलायला कुणीतरी लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी, हे गेली कितीतरी वर्षं कुणी ठरवलेलं नाही आणि कुणी मोडलेलंही नाही. धाकटे दीर आणि जाऊबाई मुलुंडला. गणपतीला येतात, नारळ आणि सुपारी गाडीत घालून परत जातात.

त्या वर्षी गणपतीतच दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही आईचं एवढं करता. या दिवाळीत तुम्हाला आराम. मुंबईहून क्रूझ सुटते, गोव्याला जाऊन येते. तुम्ही, आई आणि आम्ही दोघं. सगळं माझ्याकडे लागलं. तुम्ही फक्त बसून खायचं."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "जा ना तू. मला जमायचं नाही, सुपारी पाडायला येईल आणि गडी एकदा गेला की पुन्हा मिळत नाही. पण तू जा. तुला बदल हवाच आहे."

मला इतका आनंद झाला की आता त्याचाही राग येतो. गोवा मी पाहिलेला नव्हता. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटात राहायचं, वर्गात पोर्तुगीज शिकवायचे, पडक्या चर्चजवळ मुलांना उभं करून हे असं होतं, ते तसं होतं सांगायचं, आणि जुनं गोवं फोटोतच बघायचं. सुट्टी लागायच्या आधीच मी दोन नवे कॉटनचे ड्रेस शिवून घेतले आणि चालायला बरे पडतील असे बूट घेतले. सासूबाई म्हणाल्या, "मला एकदा आपला किनारा पाण्यातून बघायचाय. मांडव्याच्या बोटीतून दिसतो तो नव्हे. आपला, इथला."

मुंबईच्या बंदरावर पोचलो तर लग्नाच्या हॉलसारखी गर्दी. सासूबाईंसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. खुर्ची घेऊन आलेल्या मुलीने हसत विचारलं, "माताजी के साथ अटेंडंट कौन है?"

दिरांनी क्षणभरही विचार न करता माझ्याकडे बोट केलं. "ये हैं."

मग ते आणि जाऊबाई एका रांगेत गेले आणि मी खुर्चीमागून दुसऱ्या रांगेत. मी स्वतःला समजावलं, रांगेपुरता शब्द आहे, बोलण्यात आला. पण तो कानातून गेला नाही.

खोल्या दोन होत्या. दीर-जाऊबाईंची वरच्या मजल्यावर, बाल्कनीवाली. सासूबाईंची आणि माझी जहाजाच्या पोटात, खिडकी नसलेली. भिंतीवर खिडकीच्या जागी समुद्राचं चित्र लावलेलं. सासूबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "ही उघडत नाही का गं?"

"चित्र आहे आई ते."

"मग आपल्याला दिवस-रात्र कळायची कशी?"

दीर म्हणाले, "आईला बाल्कनीत वारा बाधेल. इथे लिफ्ट जवळ आहे, सोयीचं पडेल." कुणाला सोयीचं, ते त्यांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी जहाज सुटलं. दक्षिणेला जाणार म्हणजे आपला किनारा डाव्या हाताला येणार, आणि दिरांची बाल्कनी नेमकी डावीकडे. मी सासूबाईंना खुर्चीवर बसवून वर नेलं. जाऊबाईंनी दार अर्धवट उघडलं. कानात एकच डूल होतं. "अय्या, आत्ता? आम्ही शोला निघालोय हो. नंतर पुढची जागा मिळत नाही. उद्या निवांत बसवू आईंना."

"उद्या आपलं गाव मागे गेलेलं असेल," मी म्हटलं.

"परत येताना दिसेल की."

परत येताना आपण पहाटे, झोपेत मुंबईला लागणार, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी खुर्ची फिरवली आणि उघड्या डेकवर गेले. तिथे गाणी दणदणत होती, कठड्याला माणसं तीन-तीन ओळींनी चिकटली होती, प्रत्येकाचा हात फोन धरून वर. खुर्ची पुढे घ्यायला कुणी जागा देईना. मी "जरा सरका, जरा सरका" करत राहिले. लोक सरकत होते, पण फोटोत आणखी चांगलं यावं म्हणून. शेवटी कठड्यापाशी पोचलो तेव्हा समोर नुसता काळोख होता आणि दूर काही दिवे, ते कुठले, कुणाला सांगता आलं नसतं.

सासूबाई म्हणाल्या, "गेलं वाटतं."

"गेलं बहुतेक."

"चल मग. थंडी वाजते." थंडी मुळीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळ मात्र छान गेली, ते नाकारणार नाही. मुंबईची माणसं झोपलेली, खानावळीसारख्या मोठ्या हॉलात काचेलगतचं टेबल मिळालं. बाहेर जमीन कुठेच नाही, नुसतं निळं पाणी आणि त्यावर उन्हाचा पट्टा. माझ्यासमोर मी न केलेलं उपीट होतं, मी न चिरलेली पपई होती. खाऊन झाल्यावर सासूबाई सवयीने ताटल्या एकात एक रचायला लागल्या, तर वाढणारी मुलगी येऊन उचलून घेऊन गेली. सासूबाईंनी रिकाम्या टेबलाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "तुझ्या हातातलं काम आयुष्यात कधी कुणी असं काढून घेतलं नसेल," त्या म्हणाल्या. आम्ही तिथे खूप वेळ बसलो. पुन्हा पुन्हा चहा घेतला. इतक्या वर्षांत आम्ही दोघी कधी एकाच वेळी नुसत्या बसलो होतो का, ते मला आठवेना. एक कुणीतरी उभी असायचीच.

तेवढ्यात जाऊबाई आल्या, खांद्यावर टॉवेल. "बघा, किती मजा करताय तुम्ही दोघी. मी मसाजला चाललेय. आईंकडे बघाल ना?"

गोवा आला तेव्हा मी बूट घालून तयार होते. अख्खा दिवस मिळणार नव्हता, पण बसने जुन्या गोव्याला जाऊन यायला पुरेल एवढा वेळ होता, मी चौकशी केली होती. सासूबाईंना बसच्या पायऱ्या चढणं शक्य नव्हतं, हे मलाही दिसत होतं. माझा हिशेब सरळ होता. आम्ही तिघं आहोत, आळीपाळीने एकेकाने थांबावं. मी दिरांना म्हटलं, "अर्धा वेळ तुम्ही आईंजवळ थांबा. मी चर्च बघून लगेच येते, मग तुम्ही जा."

ते गोंधळले. खरोखरच गोंधळले. जणू मी जहाज चालवायला मागितलं होतं. "पण वहिनी, आमचं बुकिंग झालंय. एक कॅफे आहे पाण्याच्या कडेला. आणि तुम्हाला काय समुद्राचं नवल? तुम्ही तर रोजच बघता."

"मला समुद्र नाही बघायचा. मला जुनं गोवं बघायचंय."

"पुढच्या वेळी नक्की," जाऊबाई म्हणाल्या, आणि ती दोघं खाली उतरली.

मी वरून बघत राहिले. दिरांनी पांढरी टोपी घातली होती. जाऊबाई वळून आम्हाला हात करत होत्या. मी हात वर केला नाही. माझे पाय नव्या बुटात नुसते तापत होते. सासूबाई म्हणाल्या, "मला खोलीत नेऊन बसव आणि जा तू. मला काही होत नाही." पण त्या एकट्या खोलीत, बाथरूमला जायचं झालं तर काय, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी गेले नाही. दुपारी जहाज जवळजवळ रिकामं होतं. आम्ही डेकवर बसून बंदरातल्या क्रेन बघितल्या.

रात्रीच्या जेवणाला सगळे एकत्र बसलो. जाऊबाई फोनवरचे फोटो दाखवत होत्या: कॅफे, कॅफेतली मांजर, दिरांचा ग्लास. सासूबाईंनी विचारलं, "चर्च बघितलंत का?"

"नाही हो आई, ऊन फार होतं."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "हिला बघायचं होतं."

 मग मीच बोलले. आवाज चढवला नाही, त्याची मला अजून चुटपुट आहे. मी म्हटलं, "आईंना सांभाळायला माणूस हवं होतं, तर तसं सांगून आणायचं होतं. मी कदाचित आलेही असते. पण आराम म्हणून आणलंत, आणि बंदरावर अटेंडंट म्हणून माझ्याकडे बोट दाखवलंत."

दीर लाल झाले. "वहिनी, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. दादाला सगळं माहीत होतं. आईला न्यायचं कसं म्हणून मी विचारलं, तर दादाच म्हणाला, ती असेल ना आईजवळ, तुम्ही कशाला काळजी करता."

शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता. वाढणारी मुलं केक घेऊन टाळ्या वाजवत आली.  मला नवऱ्याचा चेहरा दिसत होता, 'तुला बदल हवाच आहे' म्हणतानाचा. त्या वाक्यात खोटं काही नव्हतं. खोली बदलली होती, बाकी काम तेच.

टाळ्या थांबल्यावर सासूबाई दिरांना म्हणाल्या, "मुंबईला उतरलो की मी तुझ्याकडे येणार."

"म्हणजे? दोन दिवस?"

"राहायला. तुझ्याकडे लिफ्ट आहे ना?"

"आहे, पण आई, आम्ही दोघंही दिवसभर बाहेर..."

"ही पण बाहेरच असते. शाळेत." त्यांनी चमचा पुन्हा उचलला आणि खीर संपवली.

मला वाटलं, रागात बोलल्या, सकाळपर्यंत विसरतील. पण बंदरावर उतरल्यावर त्यांनी खुर्चीतूनच सांगितलं, "माझी बॅग ह्याच्या गाडीत टाक. औषधं वरच्या खणात आहेत, ती धाकट्या सुनेला समजावून सांग." मी समजावून सांगितली. जाऊबाई मान हलवत होत्या, पण काही ऐकत नव्हत्या. निघताना सासूबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुझ्यावर रागावून जात नाही हां." ते मला माहीत होतं. तरी गाडी गेल्यावर मी रस्त्यात उभी राहून रडले, आणि त्या रडण्याचाही मला राग आला. तिघांनी मिळून मला आराम द्यायचं ठरवलं होतं. तो दिला कुणी, तर जिला दोन पावलं चालता येत नाहीत तिने, स्वतःचं घर सोडून.

गेटवेहून बोट धरली. मांडव्याला नवरा भाड्याची गाडी घेऊन उभा होता. माझ्या मागे बघत म्हणाला, "आई कुठेय?"

"मुलुंडला."

"का? बरं नाही का?"

"बरं आहे. तिथेच राहणार आहेत."

"आणि तू राहू दिलंस?"

इतका वेळ न चढलेला माझा आवाज तिथे चढला. जेटीवर लोक होते, पर्यटकांच्या बॅगा होत्या, रिक्षावाले होते. सगळ्यांसमोर मी विचारलं, "ती असेल आईजवळ, असं तू म्हणालास की नाही?"

त्याने नाही म्हटलं नाही. "अगं, त्यात चुकीचं काय? तू असतेसच ना," तो म्हणाला. अगदी सहज. त्याला वाटलं, तो माझं कौतुक करतोय. मी त्या गाडीत बसले नाही. अलिबागपर्यंत बसने गेले आणि तिथून रिक्षाने घरी.

त्या आठवड्यातच मुलुंडहून फोन सुरू झाले. आई रात्री किती वेळा उठतात? गोळी जेवणाआधी की नंतर? उठवताना हात कुठे धरायचा? मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं आणि एकदाही 'मी येते' म्हटलं नाही. जीभ चावून धरावी लागत होती. दिरांनी शेवटी दिवसभरासाठी बाई ठेवली. म्हणजे ठेवता येत होती. इतकी वर्षं ते कुणाला सुचलं नव्हतं, मलासुद्धा सुचू दिलं नव्हतं.

सासूबाई होळीला परत आल्या, स्वतःच्या मर्जीने, पोफळी बघायच्या म्हणून. आता दरवर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा मुलुंडला जातात. घरी असतात तेव्हा रात्रीचं नवरा बघतो. पहिले काही दिवस त्याने त्यांना खांद्याला धरून असं उठवलं की त्या ओरडल्या. मग शिकला. आम्ही त्या जेटीवरच्या बोलण्याबद्दल पुन्हा बोललेलो नाही. तो समजतो ते मिटलं. ते मिटलेलं नाही. अजूनही तो पाण्याचा तांब्या माझ्यासमोर नुसता ठेवून देतो, मी भरेन म्हणून, आणि माझ्या डोक्यात काहीतरी भडकतं.

परवा घरच्या ग्रुपवर दिरांचा मेसेज आला. या वर्षी लांबची क्रूझ, लक्षद्वीप, सगळ्यांनी मिळून, वहिनींनाही तेवढाच आराम. खाली हसणारे चेहरे. मी लिहिलं, "मी येणार नाही. आईंना न्यायचं असेल तर त्यांना विचारा आणि सोबत बाई घ्या." जाऊबाईंनी एक अंगठा टाकला. नवऱ्याने वाचलं, हे मला दिसत होतं. तो माझ्यापासून हाताच्या अंतरावर बसून चहा पीत होता. त्याने काहीही लिहिलं नाही.