फोटोवरची टिकली

बंगळुरूच्या संस्थेला संध्याकाळी पाचच्या आत उत्तर हवं होतं, नाहीतर माझी जागा दुसऱ्याला. आणि अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, होकार काही निघेना. चिकलठाण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मी दुपारपासून येरझारा घालत होते.

"दादाला इचारतो," हे त्यांचं पालुपद. दादा परदेशात, तिथं पहाट. तो उठणार कधी आणि मी कळवणार कधी!

"पर तू करणार काय तिथं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी पुन्हा सांगितलं. दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह फिरतात, पण ताऱ्याचा उजेड इतका, की शेजारचा ग्रह त्यात पार बुडून जातो. म्हणून अवकाशात पाठवायच्या दुर्बिणीच्या आत एक बारीक काळा ठिपका बसवायचा आणि तारा बरोबर त्याच्यामागं झाकायचा. तरी कडेनं उजेड सांडतोच, तोही अडवायचा. मग शेजारी अंधुक काही उरलं, तर तो ग्रह असू शकतो.

"मग दुर्बीण आभाळात कशापायी धाडायची? गच्चीवरून नाय दिसत?"

"मे महिन्यात जालना रोडवर डांबरावरची हवा कशी लवलवते? तसंच आहे ते. हवेतून तारा थरथरतो, नीट झाकताच येत नाही."

"लई अवघड हाय बाई," म्हणत त्यांनी फोनकडं बघितलं. दादाचा आला का म्हणून!

माझं डोकंच फिरलं. भिंतीवर आमचा स्टुडिओतला जुना फोटो होता. मधोमध दादा, हातात शाळेतली ट्रॉफी; कडेला मी. येणारा-जाणारा त्याच्यापुढं उभा राहून दादाचंच कौतुक करायचा. मी कपाळावरची काळी टिकली काढली आणि काचेवर, दादाच्या तोंडावर चिकटवली.

"अगं ए, येड लागलं का तुला?"

"हे असं झाकायचं! आता बघा शेजारी काय दिसतंय ते!"

टिकली काढायला अण्णा तणतणत उठले. बोट काचेपाशी गेलं आणि थांबलं. चष्मा सारखा करून ते वाकले. मी घड्याळ बघत होते, जीव नुसता टांगणीला.

"तू रडलेली हायस का गं ह्यात?"

"व्हय. ट्रॉफी मावत नव्हती म्हणून तुम्हीच मला बाजूला सारलं होतं."

रोज सकाळी ती काच पुसणारा माणूस हा. टिकली तशीच ठेवून त्यानं बोट मागं घेतलं.

"कळव त्यांना, येतीया म्हणून," शेवटी ते म्हणाले. "दादाला मागनं सांगू."