पदर बाजूला झाला तेव्हा

बुद्धापुढे मागायचं नसतं, वंदन करायचं, हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी त्या पौर्णिमेला किन्हीराजाच्या विहारात मी हात जोडून मागतच बसले होते. काय करणार! मुलगी जन्मल्यापासून अंगावर नीट पीत नव्हती. ओढायची, सोडायची, रडायची. वजन उतरत चाललेलं. असंच राहिलं तर वाशीमला भरती करावं लागेल, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. छातीला चिरा पडलेल्या. तिनं तोंड लावलं की माझ्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. आपलं दूधच हलकं, असं मी मनाशी धरून बसले होते. त्यात सासूबाईंचा नेम कडक: पाजताना पदर डोक्यावरून घ्यायचा, बाळ पुरतं झाकायचं, नजर लागायला नको.

त्रिशरण सुरू झालं आणि पोरीनं टाहो फोडला. मी ओट्यावर आले, भिंतीकडे तोंड करून पदर ओढला. शेजारी पांढऱ्या साडीतली एक अनोळखी बाई टेकली होती.

“काहून झाकून राह्यली वं? तिचं तोंड कुठं लागलं, तुले तरी दिसते काय?”

“नजर लागते म्हणे,” मी पुटपुटले.

“अवं माय, मी सोता आजी हाव. माही कायची नजर लागते!” म्हणत तिनं पदर सरळ बाजूला केला. पोरगी नुसतं बोंडाचं टोक चावत होती. बाईनं तिचं पोट माझ्या पोटाला टेकवलं. “तू वाकू नोको. थांब जराशी. तिनं मोठा आ केला का तिलेच जवळ घे.”

पोरीनं आ केला. मी तिला जवळ घेतलं. दुखलं नाही! आणि मग तिच्या घशातून आवाज आला, घुटुक, घुटुक. आत सगळे ‘साधू, साधू, साधू’ म्हणत होते. मी हमसून हमसून रडले.

डोळे पुसून वळेपर्यंत बाई मालेगावच्या ऑटोत बसलीसुद्धा. विहाराच्या दारात सासूबाई उभ्या. आता बोलणी बसणार म्हणून मी घाईनं पदराला हात घातला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “पिऊन राह्यली पोरगी.” आणि रस्त्याकडे पाठ करून माझ्यासमोर बसल्या, स्वतःचा पदर दोन्ही हातांनी पसरून.

ती बाई कोणाकडे आली होती, हे गावात अजून कोणाला सांगता आलेलं नाही. मीही आता विचारत नाही. मुलीनं छान बाळसं धरलंय. दर पौर्णिमेला मी विहारात जाते, पण वंदनेच्या वेळी हिला नेमकी भूक लागते आणि माझे हात काही जुळत नाहीत. तिला धरून नुसती बसते. मागण्यासारखं काही आठवतच नाही.