दारावरची पाटी

रोज सकाळी सहाच्या सुमारास टॉर्किल मॅकव्हिकार दार उघडायचा, उंबऱ्यावर उभा राहून नैऋत्येकडे तोंड करून वारा घ्यायचा, मग आत येऊन भिंतीवरच्या वायुभारमापकाच्या काचेवर दोनदा टिचकी मारायचा. काटा कुठे सरकतो ते बघितलं की खिशातला खडू काढून दाराशेजारच्या काळ्या पाटीवर एकच वेळ लिहायचा: आज कॉरीव्रेकनच्या समुद्रातल्या खिंडीत पाणी कधी उभं राहणार. खडू परत खिशात. मग हात धुऊन ओट्सची खीर. मीठ घातलेली, साखर नाही.

पाटी म्हणजे छपरावर घालतात त्याच दगडाचा एक तुकडा. लुइंग बेटाचं हे गाव पाटीच्या दगडाच्या खाणीवरच वसलेलं. खाणीत पाणी भरून ती बंद पडली तेव्हा टॉर्किलच्या बापानं तो तुकडा आणून दाराशी ठोकला. आधी बाप लिहायचा, नंतर टॉर्किल. तीस वर्षं त्यानं शेजारच्या बेटापर्यंत माणसं आणि मेंढ्या नेल्या-आणल्या, आणि त्या तीस वर्षांत पाण्याच्या बाबतीत त्याची वेळ चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बंदरातून निघणारा प्रत्येक जण त्या दारावरून जायचा. घरोघरी भरती-ओहोटीची छापील पुस्तकं होती, पण ती उघडायची तसदी कोण घेणार? म्हाताऱ्याची पाटी होती ना.

दक्षिणेला जुरा, उत्तरेला स्कार्बा ही बेटं; मधल्या खिंडीत पाणी उभं राहतं, म्हणजे वाहायचं थांबतं, ते जेमतेम पंधरा मिनिटं. उधाणाच्या दिवसांत तेवढंही नाही. त्यानंतर भरतीचं पाणी पश्चिमेला धावत सुटतं, समोरून येणाऱ्या अटलांटिकच्या लाटेवर आपटतं आणि भिंतीसारखं वर उठतं. त्या आधी निघून जायचं असतं.

शहाऐंशी सालच्या जूनमध्ये टॉर्किलनं होडी विकली. 'मार्सली' तिचं नाव, बायकोच्या नावावरून ठेवलेलं. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि आता शिडाचा दोर त्याच्या बोटांत टिकत नव्हता. कोलोन्सी बेटावरच्या एका शिक्षकानं ती घेतली. पोचवायला फिनले तयार झाला. फिनले खेकडे-शेवंडांचे पिंजरे टाकणारा, शेजारच्याच घरातला, चाळिशीचा. होडी हाकायला तो टॉर्किलकडेच शिकला होता. दोन दिवस मासळी घेऊन ओबनला गेलेला तो बुधवारी संध्याकाळी परतला आणि थेट टॉर्किलच्या स्वयंपाकघरात आला.

टेबलावर नकाशा पसरला होता. कोपऱ्यांवर साखरेचं भांडं, चहाची किटली आणि टॉर्किलचा चष्मा.

"इंजिनाच्या भरवशावर राहू नकोस," टॉर्किल म्हणाला. "पाच घोड्यांचं इंजिन आहे, त्यातले तीन मेलेत."

"उरलेले दोन तुमच्यासारखे असतील, काका. चालतात कमी, बोलतात जास्त."

"हस. खिंडीत हसून दाखव. हे बघ, जुराच्या टोकाशी या खाडीत नांगर टाकून थांबायचं. मधे हे बेटुकलं आहे, त्यामुळे खिंडीतलं पाणी तुला तिथून दिसणार नाही. मनाला वाटलं म्हणून उचलायचा नाही नांगर. घड्याळ बघून उचलायचा."

"आणि बाहेर पडलो की दक्षिणेचा किनारा धरायचा. स्कार्बाच्या अंगाला जायचं नाही. पंचवीस वर्षं ऐकतोय."

"पश्चिमेकडून जुनी लाट येतेय. वारा पडला तरी ती पडत नाही. परवापासून उधाण लागतंय, म्हणून उद्याच."

"वेळ?"

"सकाळी बघ. वारा बघितल्याशिवाय मी वेळ सांगत नाही, तुला माहीत आहे."

फिनलेनं इशबेलकडे बघून भुवया उडवल्या. इशबेल ही टॉर्किलची मुलगी. गावच्या पोस्टात कामाला, बाहेर एकदा संसार मोडून घरी परतलेली. तिनं त्याच्या पुढ्यात केक सरकवला.

तो गेल्यावर नकाशा गुंडाळताना तिला खाली वडिलांचं भरती-ओहोटीचं पुस्तक सापडलं. तारखेसमोर पेन्सिलीनं लिहिलेले आकडे. पुस्तकातल्या वेळा हिवाळ्याच्या घड्याळाच्या असतात. मार्चअखेर घड्याळं एक तास पुढे गेली की छापील वेळेत तो तास मिळवायचा असतो. इथली शेंबडी पोरंही ते करतात. एप्रिलभर वडिलांनी तो मिळवला होता. मे महिन्यापासून मिळवलेला नव्हता. रोजचा आकडा जसाच्या तसा उतरवलेला, अक्षर मात्र नेहमीसारखं नीटनेटकं.

तिनं पुस्तक मिटून मागं बघितलं. बाबा शेगडीपाशी बसून मोजा रफू करत होते. सुईत दोरा ओवायचा प्रयत्न चालला होता. या माणसाला हे कसं सांगायचं? गेल्या महिन्यात किल्ल्या ब्रेडच्या डब्यात सापडल्या तेव्हा तो दोन दिवस बोलला नव्हता. आणि उद्या तर मार्सली जाणार होती. उद्याचा दिवस जाऊ दे, तिनं ठरवलं. नंतर सांगू.

सकाळी टॉर्किलनं वारा घेतला, काचेवर टिचकी मारली आणि पाटीवर लिहिलं: आठ चाळीस. तो हात धुवायला आत वळल्याबरोबर इशबेल बाहेर आली, एप्रनच्या टोकानं आठ पुसला आणि वडिलांच्या वळणात नऊ काढला. नऊ चाळीस. शेपटी थोडी लांब झाली, पण कळण्यासारखी नव्हती.

साडेसहाला फिनले आला. दारातूनच ओरडला, "काका, बघितली वेळ. निघतो."

"दक्षिणेचा किनारा," आतून टॉर्किल म्हणाला.

"होय हो."

इशबेलनं खिडकीतून बघितलं. फिनले पाटीसमोर क्षणभर उभा राहिला, बोटानं टोपी वर केली, आणि धक्क्याकडे गेला. ती निवांत झाली. वडिलांच्या खिरीवर तिनं त्या दिवशी जरा जास्तच साय घातली.

मार्सलीचं शीड झिमझिम पावसात दिसेनासं होईपर्यंत टॉर्किल धक्क्यावर उभा होता.

दुपारी कोलोन्सीच्या बंदरातून फोन आला की होडी आलेली नाही. संध्याकाळी जीवरक्षक नौकेला खिंडीच्या पश्चिमेला एक वल्हं आणि खालच्या फळीचा तुकडा मिळाला. फिनले पाचव्या दिवशी मिळाला, जुराच्या मागच्या किनाऱ्यावर. त्याचं घड्याळ अकरा वाजायला सात मिनिटं असताना थांबलं होतं.

टॉर्किलनं ते ऐकलं आणि पाटीपाशी जाऊन उभा राहिला. गुरुवारनंतर त्यानं ती पुसलीच नव्हती. "नऊ चाळीस," तो म्हणाला. मग आत जाऊन पुस्तक काढलं, बोटांवर मोजलं, परत बाहेर आला. "बरोबर आहे. तास धरूनच लिहिलंय मी. मग तो पोरगा एवढ्या उशिरा का गेला?"

हा प्रश्न तो आठवडाभर विचारत राहिला. दुकानात विचारला, दफनाला आलेल्या पाद्र्याला विचारला. माणसं खाली बघायची.

दफनानंतर फिनलेच्या घरी चहा झाला. लोक गेल्यावर इशबेल त्याच्या बायकोबरोबर कपबश्या धुवायला थांबली. एफी मोठी कामसू बाई. रडणं तिनं कुठेतरी बाजूला ठेवलं होतं.

"तुझ्या बाबांची काही चूक नाही," एफी म्हणाली. "आम्हाला मेपासूनच माहीत होतं. सगळ्या गावाला. पाटीवर एक तास कमी असतो, आपण मनात मिळवायचा. म्हाताऱ्याला कोण सांगणार? फिनले म्हणायचा, माझ्यासमोर कुणी सांगितलं तर बघा."

इशबेलचे हात पाण्यात थांबले.

"त्या दिवशी धक्क्यावरून परत डबा न्यायला आला तेव्हा म्हणाला, काका नऊ चाळीस म्हणतायत, म्हणजे दहा चाळीस. पिंजऱ्यांच्या दोऱ्या गुंडाळायला वेळ मिळाला म्हणून खूश होता. काय चुकलं कळत नाही गं."

इशबेल म्हणाली, "ते नऊ चाळीस मी लिहिलं, एफी. बाबांनी आठ लिहिले होते. मी नऊ केले."

एफीनं हातातली बशी पुसली, पुन्हा पुसली, आणि चळतीवर ठेवली. मग म्हणाली, "तू लिहिलंस होय."

"मला वाटलं कुणालाच माहीत नाही."

"आम्हाला वाटलं तुला माहीत नाही." तिनं फडकं दांडीवर वाळत घातलं, कडा जुळवून. "म्हाताऱ्याला सांग. रस्त्यात थांबवून विचारतो मला, फिनले उशिरा का गेला म्हणून. मला आणखी ऐकवणार नाही."

इशबेलनं त्याच संध्याकाळी सांगितलं. उभ्या उभ्या, कोट न काढता. मे महिन्यापासूनचं सगळं.

टॉर्किलनं पुस्तक मागितलं. एकेक पान उलटत गेला, पेन्सिलीच्या आकड्यांवरून बोट फिरवत. जूनपर्यंत आला तेव्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पाटीपाशी रोज थांबायचे सगळे," तो म्हणाला. "वाचायचे आणि म्हणायचे, ठीक आहे, काका."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, बाबा."

"कुणी एकानं सांगितलं असतं तर मी एक तास मिळवला असता. तेवढंच करायचं होतं."

तिच्यावर तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. सकाळी त्यानं ओल्या फडक्यानं पाटी पुसली, खडू खिशातून काढून चमच्यांच्या खणात टाकला. वारा घ्यायला मात्र उंबऱ्यावर यायचा. तिथून एफीचं दार दिसायचं. तिनं हात केला तर हा करायचा. तिनं केला नाही तर तसाच आत. फिनलेचे पिंजरे तिच्या भिंतीशी रचून ठेवलेले होते. सप्टेंबरात ते कुणीतरी विकत नेले. बंदरातली माणसं आता आपापली पुस्तकं उघडायची. दारावरून जाताना पाटीकडे न बघता जायची.

ऑक्टोबरात त्याला छातीचा त्रास सुरू झाला. ओबनच्या इस्पितळात जायला त्यानं नकार दिला. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी इशबेलनं त्याला उशी लावून बसवलं, दोन चमचे सूप पाजलं, पांघरूण ओढलं. रात्रीतून घड्याळं एक तास मागे जाणार होती; उद्यापासून पुस्तकातली वेळ आणि घरातली वेळ पुन्हा एक होणार होती. खिडकीबाहेर लवकर अंधारलं होतं. ती दिवा कमी करायला वळली तेव्हा त्यानं डोळे उघडून फडताळावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"घड्याळ मागं घेतलंस का गं?" तो म्हणाला.