गुम-रान मावशीचं घसरडं सूप

कोरियातल्या मोक्पो बंदरात, मुलींच्या हायस्कुलासमोर गुम-रान मावशीचं खाण्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार टेबलं, एक उकळतं पातेलं आणि मावशीचा आवाज. पहिल्या दोन गोष्टी एखाद्या दिवशी बंद असतात. शाळेची घंटा बिघडली तेव्हा मुख्याध्यापकांनी तिला निरोप पाठवला होता म्हणतात, की दुरुस्ती होईपर्यंत तासातासाला दारात येऊन नवऱ्याला हाक मारत जा.

"मावशी, जरा रस्सा वाढ ना."

"कशाला, पोहायला?" असं म्हणते आणि डावभर जास्तच वाढते. लाल रश्श्यातल्या तांदळाच्या वड्या पोरगी कशी खाते यावरून तिला सगळं कळतं. नुसतीच चिवडत बसली तर मैत्रिणीशी भांडण. तिखट न बघता गिळत सुटली तर गणिताचा पेपर.

तिच्याकडे एकच पदार्थ मिळत नाही : समुद्रातल्या शेवाळाचं सूप. वाढदिवसाची सकाळ ज्या सुपाशिवाय उजाडत नाही, बाळंतिणीला जे तीन आठवडे पाजतात, ते तिच्या चुलीवर कधी चढलं नाही. तिला मुलगा झाला तेव्हा सासूबाई पातेलंभर सूप घेऊन आल्या आणि हिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "सत्तर वर्षांत असं नाटक पाहिलं नाही!" सासूबाई कडाडल्या. अन्न टाकायचं कसं, म्हणून तीन आठवडे रोज येणारं ते सूप नवरा, पान-सू, प्यायला. बाळंतपण बायकोचं झालं आणि बाळसं पान-सूनं धरलं, असं गल्लीत अजून म्हणतात.

कारण मात्र तिनं पान-सूलाही सांगितलं नव्हतं.

तीस वर्षांपूर्वी हे दुकान तिच्या आईचं होतं, आणि गुम-रान समोरच्याच शाळेत होती. तिच्या बाकावर ह्यॉन-ए बसायची. तीन तासांच्या बोटीवरच्या बेटावरून शिकायला आलेली, भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी, आई नसलेली पोर. ह्यॉन-एचा अभ्यास आणि गुम-रानचं तोंड, दोघी मिळून एक पूर्ण विद्यार्थिनी होत, असं बाई म्हणायच्या. ह्यॉन-एचे वडील बेटावरून वाळवलेलं शेवाळ पाठवायचे, आणि तिच्या वाढदिवसाला गुम-रानची आई त्याचं सूप करायची.

शेवटच्या वर्षी तो वाढदिवस नेमका कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेच्या दिवशी आला. आता शेवाळ म्हणजे बुळबुळीत. परीक्षेच्या दिवशी ते खाल्लं की माणूस निकालात घसरलाच. उलट चिकट चिक्की खायची, म्हणजे कॉलेजला चिकटता येतं. आईनं ठणकावलं, "सूप संध्याकाळी. आज चुलीवर शेवाळ दिसलं तर तंगडी मोडीन!" आणि रिवाजाप्रमाणे ती समोरच्या शाळेच्या फाटकाला चिक्की चिकटवायला गेली.

गुम-रानला काही ते बघवेना. आई नसलेल्या पोरीचा अठरावा वाढदिवस, आणि सकाळी तोंडात चिक्की? तिनं गुपचूप सूप केलं, थर्मासमध्ये भरलं आणि परीक्षा-केंद्राच्या फाटकाशी ह्यॉन-एच्या हातात दिलं.

ह्यॉन-एनं झाकण उघडून वास घेतला. "मला घसरवूनच राहणार तू," ती हसत म्हणाली, आणि थर्मास छातीशी धरून आत गेली.

गुम-रान स्वतः सूप न पिताच घसरली, ती गोष्ट वेगळी. तिच्याकडून तशी अपेक्षाच होती.

निकाल लागला त्या दुपारी ह्यॉन-ए दुकानात आली. दाराबाहेर तिचा आवाज ऐकताच गुम-रान हातातलं टाकून उठली. ती माडीवर पळाली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर दडून बसली. "घरी नाहीये गं," आईनं सांगितलं. ह्यॉन-ए बराच वेळ थांबली, मग गेली. दोन दिवसांनी शाळेत कळलं, ह्यॉन-ए कॉलेजला जात नाहीये, बोटीनं घरी गेली. गुम-रानला वेगळं काही विचारायची गरजच वाटली नाही. कोणत्या तोंडानं बेटावर जायचं? 'परत घसरवायला आलीस का?' असं ती म्हणाली तर?

बघता बघता तीस वर्षं गेली.

गेल्या मे महिन्यात दुकानात टीव्हीवाले आले. शाळकरी मैत्रिणींची, जुन्या काळातली मालिका. दुकान जुनं दिसावं म्हणून त्यांनी जी टेबलं आणून मांडली, तसलीच टेबलं मावशीनं आदल्या वर्षी भंगारात दिली होती. नायिका सडपातळ राहायच्या पथ्यावर. एक वडी सात वेळा तोंडापर्यंत नेऊन परत ठेवायची. मावशी कॅमेऱ्यामागून ओरडली, "खा गं बाई, ती तुला चावणार नाही!" आणि आठव्यांदा सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

मालिकेची तरुण लेखिका तिच्याजवळ बसली. "मावशी, तुमच्या वेळच्या मुली कशा होत्या?"

आणि जे पान-सूला सांगितलं नव्हतं ते मावशीनं त्या परक्या पोरीला सांगून टाकलं. शेवटी एवढंच म्हणाली, "मालिकेत थर्मास नक्की ठेव. आणि तिचं ते वाक्य जसंच्या तसं." मनात हिशेब सरळ होता. ह्यॉन-ए कुठेही असली तरी टीव्ही बघतच असेल. दुकान ओळखेल. आपण माफी मागतोय हे तिला कळेल. मग एखाद्या दिवशी बोटीतून उतरेल.

अकराव्या भागात थर्मास आला. तेव्हापासून बोटीची वेळ झाली की मावशी दारात. रविवारचं दुकान बंद ठेवणंही तिनं सोडलं. शेवटच्या भागात मालिकेतल्या दोघी मैत्रिणी धक्क्यावर भेटल्या. अख्खी गल्ली रडली, पान-सूनं टॉवेल भिजवला.

"खोटं आहे सगळं!" मावशी टीव्हीवर ओरडली. "इतक्या सहज कोणी भेटत नसतं!" आणि पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागली.

नोव्हेंबरात, परीक्षा तीन दिवसांवर आली असताना, एक चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी दारात उभी राहिली. काखेत वर्तमानपत्रात बांधलेला लांबलचक गठ्ठा. मावशीनं तिच्या भुवया पाहिल्या, हुबेहूब ह्यॉन-एच्या, आणि हातातला डाव पातेल्यात सोडला.

"जेवलीस का?" तिला एवढंच सुचलं. मग आवाज फुटला, "ये, ये, बस! आई कुठाय? मागे राहिली? बोट लागली असेल, तिला नेहमी लागते!"

"मावशी, आई मार्चमध्ये वारली."

मावशी बसली.

"मालिका मी एकटीनं पाहिली," मुलगी सांगू लागली. "थर्मास निघाला आणि मी किंचाळलेच. आई दर वाढदिवसाला तीच गोष्ट सांगायची. जेवणाच्या सुट्टीत झाकण उघडलं, तर बाकीच्या मुली आईला गोवर झाल्यासारख्या लांब सरकल्या. आईनं थेंब ठेवला नाही. म्हणायची, असं सूप पुन्हा नाही मिळालं."

"आणि घसरली," मावशी म्हणाली.

"कोण, आई? आईचं नाव लागलं होतं की! शिक्षिकांच्या कॉलेजात. ते पत्र अजून आहे घरी. पण त्याच हिवाळ्यात आजोबांची पाठ मोडली, दोन्ही मामा लहान. राहिली मग. तेच सांगायला ती तुमच्याकडे आली होती. तुम्ही घरी नव्हतात."

पातेलं उकळत राहिलं.

"होते," मावशी म्हणाली. "जिन्यात बसले होते. तिचे बूट दिसत होते मला. उजव्याची नाडी सुटलेली होती."

मुलीनं गठ्ठा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मोक्पोला आली तरी ती या रस्त्यानं यायची नाही. म्हणायची, गुम-रान आता मोठी बाई झाली असेल, तिला कशाला आठवतेय मी."

"मी? मोठी बाई?" मावशी हसायला गेली. ते हसू अर्ध्यावरच मोडलं.

गठ्ठ्यात शेवाळ होतं, ह्यॉन-एनं शेवटचं वाळवलेलं. मावशीनं उठून ते सगळंच्या सगळं भिजत घातलं. वाळकं शेवाळ किती फुगतं हे तीस वर्षांत ती विसरली होती. पातेलं भरलं, घमेलं भरलं, पान-सूची पाय धुवायची बादली सोडून घरातलं प्रत्येक भांडं भरलं. मग मोठ्या चुलीवर सूप चढलं.

शाळा सुटली. मुली धावत आल्या, वास आला आणि उंबऱ्यावरच थबकल्या.

"मावशी! गुरुवारी परीक्षा आहे! जीव घेतेस का आमचा?"

नाकावर रुमाल धरून सगळ्या किंचाळत पळाल्या. मावशीनं एक वाडगा ह्यॉन-एच्या मुलीपुढे ठेवला, एक स्वतः घेतला, आणि दाराकडे बघून म्हणाली, "नाही गं घसरत कोणी, पोरींनो."

मावशीचं बोलणं दाराबाहेर कुणालाच ऐकू गेलं नाही, असं त्या रस्त्यावर पहिल्यांदाच झालं.