झटका येण्याआधी

आमच्या घराखाली कापड विणायचे लूम चालतात. भिवंडीतल्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पण तुम्ही बाहेरचे असाल म्हणून सांगते. खाली आमचा कारखाना, वर आम्ही. फरशीवर पाय ठेवला की तळव्याला थरथर लागते, तांब्यातलं पाणी कधी स्थिर दिसत नाही, आणि बोलायचं ते मोठ्यानं. माहेरी खारबावला गेले की भाऊ म्हणतो, "हलू बोल गो, आमी बहिरं न्हाय." लग्न होऊन आले तेव्हापासून ही खटखट सोबत आहे. ती ऐकू येणं मात्र केव्हाच थांबलं. आपला श्वास आपल्याला कुठे ऐकू येतो, तसं.

शाळेत मी गेले नाही. अक्षरं भावाच्या पुस्तकातून उचलली, बाकीची दुकानांच्या पाट्यांवरून. त्यामुळे जसं बोलते तसंच लिहिणार, आणि लिहायचं आहे ते माझ्या झटक्यांबद्दल.

आमचे हे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी पहिला झटका आला. भाकरी थापत होते. हात गार पडले, मग आपोआप हलायला लागले, मग सगळं अंगच हललं आणि मी परातीवर कोसळले. सून धावत आली तेव्हा मला तिची हाक ऐकू येत होती, पण उत्तर देता येत नव्हतं. पाण्याच्या टाकीत तोंड घालून कुणीतरी बोलतंय तसा तिचा आवाज. त्यानंतर झटके येतच राहिले. कधी आठवड्यात एकदा, कधी लागोपाठ. जवळच्या डॉक्टरांनी मिरगी म्हणून गोळ्या दिल्या. पडायची ती मी पडतच होते, वर दिवसभर झापड.

तेवढ्यात सुनेला मुलगी झाली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. बाळंत होऊन ती माहेराहून आली, दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मी हात पुढे केले. सून क्षणभर थांबली. म्हणाली, "आई, तुम्ही बसा. मीच दाखवते."

ती चुकली नव्हती. मला पडताना तिनं पाहिलं होतं, ओट्याच्या कडेवर माझं डोकं आपटलेलं पाहिलं होतं. मी बसले, तिनं बाळ माझ्या तोंडापुढे धरलं, मी गालाला बोट लावलं. पुढे कितीतरी दिवस असंच. शेजारच्या बायका यायच्या, बाळाला उचलून घ्यायच्या, मुके घ्यायच्या. सख्खी आजी तेवढी पाळण्याची दोरी ओढायला. ती नात मांडीवर घ्यायची, याशिवाय मला त्या काळात दुसरं काही नको होतं.

आता माझ्या जाऊबाईंचं सांगते. त्या शेजारीच राहतात, मोठ्या आहेत, जीव लावतात. मी पडले की त्या धावत येणार आणि चप्पल नाकाला लावणार. एकदा ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी सुनेला सांगितलं होतं, झटका आला की मोबाइलवर चित्रण करून आणा. तिनं केलं. दवाखान्यात जाताना रिक्षात मी ते पाहायला मागितलं. ती नको नको म्हणत होती.

शेवटी तिनं लावलं. खाली एक म्हातारी पडली आहे, पदर कुठे, केस कुठे, मान इकडून तिकडे. ती मी. आणि जाऊबाई माझ्या कपाळाला हळदकुंकू लावतायत, हात जोडून विचारतायत, "आय, माज्या पोराचं लगीन कवा व्हईल?" मागे दोन बायका नारळ घेऊन उभ्या.

मला काय वाटलं सांगू? हे सगळं मी तेव्हा ऐकलं होतं. मला वाटायचं स्वप्न पडतं. माझी दातखीळ बसलेली, आणि ह्या रांग लावून उभ्या. घरी आल्यावर मी जाऊबाईंना विचारलं, "देवी काय बोलली मग?"

त्या म्हणाल्या, "कय न्हाय बोलली. तुज्यासारखीच, नको तवा गप."

ठाण्याला डोक्याला वायरी लावून मला झोपवलं, वर कॅमेरा. तिथेही झटका आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मुलाला आणि मला समोर बसवलं. म्हणाले, "ही मिरगी नाही. झटका आला तेव्हाही मेंदूतली वीज व्यवस्थित होती."

मी म्हटलं, "म्हणजे मी नाटक करते?"

"अजिबात नाही. पडणं खरं, थरथर खरी, डोक्याला लागलं तेही खरं. तुम्ही मुद्दाम करत नाही आणि मनात आणून थांबवूही शकत नाही. पण आजार वेगळा आहे. याला फंक्शनल झटके म्हणतात. शरीराला कसली तरी धोक्याची खूण मिळते आणि ते तुम्हाला न विचारता असं वागतं. ती खूण शोधायची, आणि तिच्याशी वागायला शिकायचं. मिरगीच्या गोळ्या मी हळूहळू कमी करतो, तुम्ही परस्पर बंद करू नका."

मी घरी आले ती सुन्न होऊन. इतके दिवस गोळ्या खाल्ल्या, आणि मेंदू व्यवस्थित. जाऊबाई म्हणाल्या, "म्हंजी कय न्हाय झायलं? मग परते कशी?" पडते कशी, हा प्रश्न माझाही होता.

डॉक्टरांनी एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. बाई कसली, माझ्या लेकीएवढी पोरगी. तिनं मला काम दिलं. झटका येऊन गेला, जरा भान आलं की मोबाइलमध्ये बोलून ठेवायचं: कुठे होते, काय करत होते, अंगात आधी काय झालं. आणि झटका आला नाही त्या दिवशीही बोलायचं, म्हणजे दोन्ही ताडून पाहता येतील. बोलायचं काम मला कुणी पहिल्यांदाच दिलं. मी सुरू झाले की त्यात भाजीवाला यायचा, जाऊबाईंच्या मुलाला आलेलं स्थळ यायचं. मुलगा म्हणायचा, "आई, ती बिचारी राजीनामा देईल."

एके दिवशी दुपारी सून बाळाला पाजत बसली होती आणि तिच्या मोबाइलवर माझी ती बोलणी एकेक लावत होती, त्यातली कुठली पाठवायची म्हणून. चांगल्या दिवसाचं लागलं की काही कळेना. खटखट खटखट, मधून माझा आवाज. तिनं कानाशी धरून ऐकलं, कंटाळून पुढचं लावलं. ते झटक्याच्या दिवसाचं. त्यात माझा एकेक शब्द स्वच्छ. मागे कावळा ओरडतोय तोही ऐकू येतो.

तिनं आणखी एक लावलं, झटक्याच्याच दिवसाचं. स्वच्छ. अजून एक. नळ ठिबकतोय तो ऐकू आला.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही पडता तेव्हा लूम बंद असतात."

मी म्हटलं, "काहीतरीच. मग शुक्रवारी का नाही पडत? शुक्रवारी तर कारखाना बंदच."

तिनं जरा विचार केला. "शुक्रवारी ते सकाळपासून सुरूच होत नाहीत ना. चालता चालता थांबत नाहीत."

चालता चालता थांबणं म्हटल्यावर मला एकच सकाळ आठवली.

आमचे हे गेले ते खालीच गेले. सकाळची वेळ, मी वर भाजी फोडणीला टाकलेली. खालची खटखट एकदम थांबली. मला वाटलं लाइट गेली. वर पाहिलं तर बल्ब जळत होता. ते पाहिल्यावर मी जिन्याकडे धावले, कारण सुटीच्या वेळी लूम एकेक करून थांबतात; लाइट असताना सगळे एकदम बंद करायचे तर मेन खटका पाडावा लागतो, आणि खाली कुणाला काही झालं तरच आमच्याकडे तो पाडतात. मी जिना उतरले तेव्हा हे दोन लूमच्या मधल्या गल्लीत आडवे होते. हृदय बंद पडलं होतं. कारागीर भोवती उभे, कुणी बोलत नव्हतं. एवढी शांतता मी त्या कारखान्यात कधी ऐकली नव्हती.

सून म्हणाली, "पहिला झटका आला त्या दिवशी मोटर जळाली होती. मिस्त्रीनं मेन पाडला होता. मला आठवतंय, कारण मी खाली बघायला निघाले होते आणि परत वर पळाले."

आणि त्याच्या पुढचं ऐका. मला झटके यायला लागल्यावर सगळ्यांचं एकच मत पडलं, जाऊबाईंपासून दूधवाल्यापर्यंत, की लूमच्या आवाजानं हिचं डोकं गेलं. म्हणून माझ्या मुलानं काय करावं? मी दुपारी जेवून आडवी झाले की तो खाली जाऊन मेन खटका पाडायचा. रोज नाही, पण जमेल तेव्हा. आईला शांत झोप लागावी म्हणून. कारागिरांचा खोळंबा व्हायचा, ते कुरकुरायचे, तरी हा ऐकायचा नाही. मी त्याचं केवढं कौतुक केलं होतं. वज्रेश्वरीला गरम पाण्याच्या कुंडावर पाय शेकत बसलेल्या अनोळखी बायकांनाही सांगितलं होतं, की मुलगा असावा तर असा.

संध्याकाळी तो वर आला. सुनेनं त्याला सगळं ऐकवलं. तो खुर्चीत होता तो उठून खाली माझ्याजवळ येऊन बसला.

"म्हणजे मीच पाडत होतो तुला."

"तू झोपवत होतास," मी म्हटलं.

तो म्हणाला आता लूम कधीच बंद करणार नाही. समुपदेशक पोरगीनं ते मोडून काढलं. म्हणाली, शांततेपासून तुम्ही किती दिवस पळणार? आणि एवढं एकच कारण असेल असं धरून चालू नका. पण सुरुवात इथून करू. खटका पाडायचा तो तुम्ही स्वतः पाडा.

मग मी खाली जायला लागले. दिवस संपताना मुलगा शेजारी, मी खटक्यापाशी. पाय फरशीवर घट्ट दाबायचे, एक हात लूमच्या लाकडावर, आणि दिसेल त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं: सुताची कांडी, पंखा, बादली, मुलाचा निळा शर्ट. पहिल्या खेपेला खटका पाडला आणि तिथेच झटका आला. कारागिरांनी कोऱ्या कापडाचा ताका अंथरून मला झोपवलं. भान आलं तर एकजण म्हणत होता, "अम्मा, आप रोज आया करो, छुट्टी जल्दी हो जाती है." मी पडल्या पडल्या हसले.

हळूहळू जमलं. सगळ्यात मोठं म्हणजे मला माझी खूण कळली. आधी तळहात गार पडतात, मग टाळू कोरडी होते, मग माणसांचे आवाज टाकीतून यायला लागतात. आवाज टाकीत जाईपर्यंत मला खाली बसायला वेळ असतो. कधी तेवढ्यात पाय दाबून, नावं घेऊन झटका परततो. कधी नाही परतत. पण आता तो मला बेसावध गाठत नाही.

मी सुनेला हे सगळं सांगायचे, ती ऐकायची, बाळाबद्दल काही बोलायची नाही. एका सकाळी तिनं भिंतीला लागून गादी घातली, माझ्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या.

"बसा इथे. तळहात गार पडला की लगेच 'घे' म्हणायचं. थांबून बघायचं नाही, आत्ता जाईल म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

"आई, शपथ घ्या."

घेतली. तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी नातीचा चेहरा असा माझ्या मांडीवर कधी पाहिलाच नव्हता, दुसऱ्याच्या हातातच पाहिलेला. भिवंडीचं पोर ते, खालची खटखट चालू होती आणि खुशाल झोपलं. दुसऱ्या दिवशीही बसले. मग रोजच.

आणि मग ती सकाळ. बाळ मांडीवर जागं होतं, माझी बांगडी ओढत होतं. खाली लूम चालू होते. नीट ऐका, चालू होते, एकही थांबला नव्हता. आणि माझे तळहात गार पडले.

मला विश्वासच बसेना. मी मनात म्हटलं, असं कसं, आवाज तर आहे. फरशी थरथरतेय ती मला कळत होती. आत्ता जाईल, असं ओठावर आलं होतं. टाळू कोरडी पडली. शपथ आठवली म्हणून, की बाळाचे डोळे दिसले म्हणून, मला सांगता येत नाही, पण मी ओरडले, "घे."

सून ओट्यापाशी होती. पिठाच्या हातांनीच आली आणि बाळ उचललं. तिच्या कमरेला बाळाचा पाय लागलेला मी पाहिला, आणि मग अंग हललं.

किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर मी कुशीवर, डोक्याखाली उशी. बाळ जमिनीवर दुपट्यावर, अंगडं पिठानं माखलेलं, कुठे खरचटलेलं नाही. सून माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं संपलं. कारण सापडलं म्हणून बाळ दिलं होतं, आणि कारण नसताना झटका आला. आता हिनं का द्यावं? मी भिंतीकडे तोंड केलं.

तिनं मला बसतं केलं. पाणी दिलं, माझे हात आपल्या हातात धरून ऊब येते का पाहिली. मग उठून मोरीत जाऊन स्वतःचे हात धुतले, उशा नीट लावल्या आणि बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"वेळेवर सांगितलंत ना," ती म्हणाली. "धरा आता नीट. माझ्या भाकऱ्या राहिल्यात."