साडूंनी परत केलेला चेंडू

अमेरिकेला शिस्त लावणारा एकच माणूस त्या देशात राहतो आणि तो आमचा साडू आहे, हे मी कुठल्याही कोर्टात सांगायला तयार आहे. शिकागोत आपल्या लोकांची दुकानं असलेल्या डेव्हन ॲव्हेन्यूवर कुणी गाडी तिरकी लावली की मालक येईपर्यंत साडू गाडीशेजारी उभे राहत आणि तो आला की त्याला सरळ रेषेचं महत्त्व पटवून देत. वाण्याच्या दुकानात भेंडीची टोकं मोडून बघणाऱ्या बायका त्यांना पाहिलं की मुकाट्याने दुधीकडे वळत. सांगलीला कॉलेजच्या संघात ते यष्टिरक्षक होते, त्यामुळे बेसबॉलवर तर त्यांचा खास राग. फलंदाज बॅट टाकून पळाला की ते टीव्हीसमोर उठून उभे राहत. "दसऱ्याला पूजा करायची वस्तू ती, आणि हा पायाशी टाकून पळतोय बघा."

या शिस्तीचा सगळ्यात जास्त जाच त्यांच्या तेव्हा तेरा वर्षांच्या असलेल्या लेकीला. तिला बेसबॉलचं वेड आणि बाबांबरोबर चारचौघांत दिसण्याची धास्ती. ती त्यांच्याशी मोजकंच बोलायची, तेही इंग्रजीत, आणि ते साडूंना फार लागलं होतं. तिच्याशी पुन्हा गट्टी जमावी म्हणून त्यांनी एका उन्हाळ्यात चक्क बेसबॉलची तिकिटं काढली. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. लेकीने अट घातली की बाबांनी तोंड उघडायचं नाही आणि दोघांच्या मध्ये काका बसणार. काका म्हणजे मी.

शिकागोच्या उत्तरेकडच्या त्या जुन्या मैदानावर तेव्हा दिवे नव्हते, सामने भर उन्हात व्हायचे. आम्ही वेलींनी झाकलेल्या भिंतीमागच्या बाकांवर होतो. साडूंनी शब्द पाळला. बॅट जमिनीवर पडली की ते नुसते डोळे मिटून घेत. सामना बरोबरीत शेवटच्या डावापर्यंत आला. तेवढ्यात पाहुण्या संघाच्या एका धिप्पाड गड्याने असा टोला हाणला की चेंडू भिंतीवरून थेट आमच्याकडे आणि त्यांच्या खात्यात एक धाव. आजूबाजूच्यांनी हातमोजे वर केले, पण साडूंनी तो उघड्या हातांनी टिपला. लेक आनंदाने ओरडली. असा चेंडू हाती लागावा म्हणून तिथली पोरं वर्षानुवर्षं मैदानावर येतात. आणि साडूंनी तो होता नव्हता तेवढा जोर लावून मैदानात परत फेकला.

"बाबा, व्हाय?" ती रडकुंडीला आली होती.

"खेळ अडेल ना गं. त्यांचा चेंडू आहे तो."

त्यावर सगळं मैदान उठून टाळ्या वाजवू लागलं. तिथला रिवाजच होता: पाहुण्यांनी मारलेला असा चेंडू घरी न्यायचा नाही, तुच्छतेने परत भिरकावायचा. आनंदाच्या भरात लेकीलाही त्याचा विसर पडला होता. साडूंना तर पत्ताच नव्हता. लोक आपल्या शिस्तीला दाद देताहेत अशा समजुतीने ते चारी दिशांना वळून हात जोडत होते. कुणीतरी त्यांच्या डोक्यावर आपली टोपी घातली. लेकीने मला उठवलं आणि माझ्या जागी, त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मग आपल्या पाळीत आमच्या संघाने दोन धावा काढून सामना जिंकला, तेव्हा बापलेक एकमेकांच्या गळ्यात पडून नाचत होते. मी इतका खूश क्वचितच झालो असेन.

परतताना गाडीत ती त्यांच्या लालबुंद तळव्यांवर फुंकर घालत होती. उतरताना हळूच मला म्हणाली, "काका, डोन्ट टेल हिम, प्लीज."

मी आजवर सांगितलेलं नाही. दर गणेशोत्सवात साडू तो किस्सा सांगतात आणि अमेरिकनांना शिस्त किती प्रिय आहे ते पटवतात. आता त्यांचं वय झालं. यंदा गोष्टीतला चेंडू हातात आला आणि ते थांबले, पुढचं आठवेना. लेक खुर्ची ओढून जवळ बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि अडखळत, पण मराठीत, राहिलेलं सगळं तिने सांगितलं: बाबांनी चेंडू परत दिला, कारण तो त्यांचा होता, आणि लोकांना ते फार आवडलं.